मोझेलच्या उतारावर नाशिकचे ऊन

वर्गातला पृथ्वीगोल पुढे घ्या आणि त्यावर नाशिक शोधा. विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर ते सापडेल. आता बोट वर सरकवत जर्मनीच्या पश्चिम टोकाला, लक्झेंबर्गच्या शेजारी न्या. इथे अक्षांश भरतो जवळजवळ ५०. कॅनडातले विनिपेग शहर याच अक्षांशावर आहे आणि तिथे हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्या खाली जाणे ही काही बातमी नव्हे. अटलांटिक महासागराच्या कृपेने पश्चिम युरोप तितका थंड नाही, तरी द्राक्षवेलीच्या दृष्टीने ही सरहद्दच. असे असूनही इथल्या मोझेल नदीच्या काठी रोमन काळापासून द्राक्षे होत आली आहेत. पीसपोर्ट नावाच्या गावी चौथ्या शतकातली द्राक्षरस काढण्याची जागाच उत्खननात सापडली आहे. द्राक्ष म्हणजे उन्हाचे पीक असे आपण समजतो. मग या थंडीत ते पिकते कसे?

हा प्रश्न आम्हाला पडला तो २००८ च्या ऑक्टोबरात. संशोधनाच्या निमित्ताने तेव्हा आमचा मुक्काम जर्मनीत होता आणि एका सहकाऱ्याच्या ओळखीने मोझेलकाठच्या एका कुटुंबाकडे द्राक्षतोडणीला जाण्याचा योग आला. आजोबा, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. जमीन सारी मिळून ४ हेक्टर, तीही ११ तुकड्यांत विखुरलेली. (वारसांमध्ये जमीन समान वाटण्याची पद्धत तिथेही होती, तुकडे का पडले हे आपल्याला समजावून सांगायला नको.) आजोबांनी एक मणी तोडून हातावर ठेवला. तो तोंडात टाकताच आमचे डोळे आपोआप मिटले, इतका तो आंबट होता. आणि गोडही होता! आजोबा म्हणाले, “अजून आठ दिवस ऊन मिळाले तर बरे.” २००८ चे वर्ष थंडच होते.

हा लेख वाइनची शिफारस करण्यासाठी नाही, हे शिक्षकमित्रांनी आधीच ध्यानात घ्यावे. आम्हाला रस आहे तो त्या मण्यात.

साखर येते, आम्ल जाते

आपल्याकडचे द्राक्षबागाईतदार एका अवस्थेला ‘मण्यात पाणी उतरणे’ असे म्हणतात. तोपर्यंत मणी कडक, हिरवा आणि कमालीचा आंबट असतो. पाणी उतरले की तो मऊ पडतो, फुगू लागतो आणि इथून पुढे त्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. पानात तयार झालेली साखर मण्यात येऊन साठते आणि मण्यातले आम्ल कमी होत जाते. कमी होते म्हणजे जाते कुठे?

द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेतले आम्ल. मॅलिक आम्ल सफरचंदात भरपूर असते. पिकलेली चिंच गोड झाली तरी आंबट का राहते, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर इथे आहे: फळाच्या पेशींना टार्टारिक आम्ल सहजासहजी वापरता येत नाही, ते जवळजवळ तसेच पडून राहते. मॅलिक आम्लाचे तसे नाही. पिकणारा मणी श्वसनासाठी ते इंधन म्हणून जाळतो. त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. श्वसनाचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, आणि श्वसन रात्रीही थांबत नाही. म्हणजे दिवस गरम आणि रात्रीही उबदार असतील तर मॅलिक आम्ल भराभर संपते. रात्री थंड असतील तर ते टिकते.

साखरेचा हिशोब वेगळा. तिला लागते प्रकाशसंश्लेषण, आणि ते फक्त दिवसा. वेलीची पाने २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाला सर्वांत चांगले काम करतात. १० अंशांच्या खाली वेल जवळजवळ थिजून उभी राहते.

आता नाशिक आणि मोझेल यांची तुलना करा. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. ऐन पिकण्याच्या वेळी ऊन वाढत जाते, साखर लवकर भरते आणि आम्ल उतरते. खाण्याच्या द्राक्षाला हे उत्तमच. पण वाइनसाठी आम्ल हवे असते. चव तर आहेच, शिवाय आम्लधर्मी रसात बिघाड करणारे जिवाणू वाढत नाहीत. म्हणून उष्ण प्रदेशातले वाइन करणारे द्राक्षे लवकर, पुष्कळदा रात्री किंवा पहाटे तोडतात आणि कधीकधी टार्टारिक आम्ल वरून घालतात. मोझेलकाठी नेमके उलटे. आम्लाला तोटा नाही, चिंता साखरेची. वेल फुटते एप्रिलमध्ये, पाणी उतरते ऑगस्टमध्ये, आणि नंतरचे सारे पिकणे दिवस लहान होत जाणाऱ्या, थंड होत जाणाऱ्या शरद ऋतूत उरकावे लागते. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांचे सरासरी तापमान १३ ते १५ अंश असेल तर द्राक्षशास्त्रात तो प्रदेश थंड हवामानाचा मानतात. मोझेल परंपरेने याच गटातला.

तिथली मुख्य जात रिस्लिंग. तिची सर्वांत जुनी लेखी नोंद १४३५ सालची, जर्मनीतल्याच ऱ्यूसेल्सहाइम गावच्या एका हिशेबात आहे. ही जात उशिरा पिकते आणि आम्ल धरून ठेवते. उशिरा पिकणारी जात थंड प्रदेशात लावणे म्हणजे गाडी सुटता सुटता स्टेशनात शिरण्यासारखे. ती पकडायला मदत झाली ती जमिनीच्या उताराची.

कोनमापक आणि ओळंबा

तोडणीला गेलो तेव्हा खरी पंचाईत उभे राहण्याचीच होती. एक पाय वर, एक खाली, टोपली घसरते आहे आणि दोनशे फूट खाली नदी चमकते आहे. नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला दगड एवढ्या साहित्यावर आम्ही उतार मोजला. तो ३० अंश भरला. मोझेलवर याहून तीव्र उतारही आहेत. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट या डोंगरावर काही ठिकाणी तो ६५ अंशांच्या आसपास जातो.

हा उतार दक्षिणेकडे तोंड करून होता. मोझेल नदी इतकी नागमोडी वाहते की दर वळणावर एका काठाला दक्षिणाभिमुख कडा मिळतो, आणि तिथल्या लोकांनी शेकडो वर्षे असेच कडे निवडून द्राक्षे लावली. याचे कारण साध्या भूमितीत आहे.

२० ऑक्टोबरच्या सुमारास ५० अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून केवळ ३० अंश वर असतो. सपाट जमिनीवर पडणाऱ्या उन्हाची तीव्रता या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. ३० अंशांची साइन ०.५, म्हणजे किरण सरळ पडले असते तर जेवढे ऊन मिळाले असते त्याच्या निम्मेच. आता जमीन दक्षिणेकडे ३० अंश कललेली घ्या. किरण जमिनीशी ६० अंशांचा कोन करतील आणि साइन होईल ०.८७. त्याच गावात, त्याच दुपारी, पाऊणपट जास्त ऊन! जूनमध्ये काय होते तेही करून पाहा. तेव्हा सूर्य साडेत्रेसष्ट अंशांवर असतो, सपाट जमिनीला ०.८९ मिळते आणि उताराला जवळपास १, फरक किरकोळ. उताराचा खरा फायदा मिळतो तो शरदात, म्हणजे जेव्हा मणी पिकत असतात तेव्हाच.

ही आकडेमोड आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात मांडत बसलो असताना एक गोष्ट एकदम लक्षात आली. ५० अक्षांशावर दक्षिणेकडे ३० अंश कललेली जमीन ही त्याच रेखांशावर ३० अंश दक्षिणेला असलेल्या सपाट जमिनीला समांतर असते. पृथ्वीगोलावर एक पुठ्ठ्याचा तुकडा कलता धरून पाहिले की पटते. ५० वजा ३० बरोबर २०. म्हणजे दुपारच्या किरणांच्या कोनापुरता विचार केला तर त्या कुटुंबाची बाग नाशिकच्या अक्षांशावर होती!

‘कोनापुरता’ हा शब्द मात्र विसरू नये. मोझेलच्या सूर्यकिरणांना वातावरणातून लांबचा तिरपा प्रवास करावा लागतो, हवा थंड असते आणि ऑक्टोबरचा दिवस लहान. उतारामुळे ऊन मिळते, पण रात्र थंडच राहते. साखर वाढते आणि आम्लही टिकते ते याचमुळे.

पाटीचा दगड

त्या उतारावर माती अशी फारशी नाहीच. पायाखाली काळ्या-करड्या, चपट्या दगडांचा खच असतो. एक तुकडा उचलला आणि हसू आले. ज्या पाटीवर आपण अक्षरे गिरवली तीच ही! सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला चिखल दाबाने आणि उष्णतेने पाटीच्या दगडात बदलला. थर सुटे होण्याचा त्याचा गुण तेव्हापासूनचा. गडद रंगामुळे तो दिवसा चटकन तापतो आणि संध्याकाळी ती ऊब घडांना देतो. पावसाचे पाणी फटींतून निसटून जाते, त्यामुळे मुळे खोल जातात. द्राक्षवेलीच्या मुळांवर जगणाऱ्या फायलोक्झेरा या किडीला असली खडकाळ जमीन मानवत नाही. युरोपात इतरत्र वेली अमेरिकी खुंटांवर कलम करून लावाव्या लागल्या; मोझेलवर स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली आजही सापडतात.

खाली नदी आहे तिचाही वाटा आहे. पाण्याचा विशिष्ट उष्मा दगडाच्या सुमारे पाचपट. नदी हळू तापते आणि हळू निवते, त्यामुळे काठावरची हवा एकदम गोठत नाही.

या सगळ्याची किंमत माणसाने अंगमेहनतीत मोजली आहे. इथे ट्रॅक्टर चालत नाही. प्रत्येक वेल स्वतंत्र खुंटाला बांधलेली असते, तिच्या दोन काड्या बदामाच्या आकारात वाकवतात, आणि छाटणीपासून तोडणीपर्यंत सारे हाताने. सपाट जमिनीपेक्षा कित्येक पट जास्त मजुरी लागते. पावसाने खाली वाहून आलेले दगड आजोबांच्या तरुणपणी पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर नेत असत. वेलेन गावच्या उतारावर १८४२ साली एक सूर्यघड्याळ बसवले गेले. मळ्यात राबणाऱ्यांना जेवणाची आणि घरी जायची वेळ कळावी म्हणून. त्या मळ्याचे नावच आज सूर्यघड्याळ आहे.

लिटरभर रसाचे वजन

एवढे करूनही वाईट वर्षी साखर भरत नसे. ती किती भरली हे मोजण्याची सोपी रीत फॉर्त्सहाइमचे एक सोनार आणि यंत्रकार फर्डिनांड एक्स्ले (१७७४–१८५२) यांनी रुळवली. एक लिटर पाण्याचे वजन १००० ग्रॅम. एक लिटर द्राक्षरस त्याहून जितके ग्रॅम जास्त भरेल तितके त्याचे ‘एक्स्ले अंश’. रस १०७५ ग्रॅम भरला तर ७५ अंश. यात यंत्राचीही गरज नाही. प्रयोगशाळेतल्या तराजूवर १०० मिलिलिटर ताजा, गाळलेला द्राक्षरस तोलून जादा वजनाला दहाने गुणले की झाले. बाजारातल्या गोड द्राक्षांचा रस ८० अंशांच्या आसपास येतो. विद्यार्थ्यांनी करून पाहण्याजोगा प्रयोग आहे. साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक लिटरमध्ये एक टक्का मद्यार्क तयार होतो, हे माहीत असले की पुढचे गणितही जमते.

साखर कमी म्हणजे वाइन पातळ आणि झणझणीत आंबट, आणि तिला गिऱ्हाईक नाही. १८४० च्या सुमारास मोझेलकाठचे छोटे बागाईतदार कर्जात बुडाले होते. त्यांच्या दैन्याबद्दल १८४३ च्या जानेवारीत एका वृत्तपत्रात लेख आले. लिहिणारा तरुण संपादक याच भागातल्या ट्रिअर शहरात जन्मलेला; त्याचे नाव कार्ल मार्क्स. ट्रिअरमध्येच राहिलेल्या लुडविग गाल यांनी वेगळा मार्ग काढला. रसात साखरेचे पाणी मिसळा, म्हणजे आम्ल पातळ होईल आणि मद्यार्क वाढेल, असा तो उपाय. त्यावरून ‘खरी’ वाइन कोणती हा वाद पुढे कित्येक दशके चालला. अखेर १९७१ च्या जर्मन कायद्याने प्रतवारी बांधली ती तोडणीच्या वेळच्या एक्स्ले अंशांवर. जितकी साखर जास्त तितकी प्रत वरची. साखर दुर्मीळ होती तोवर हे योग्यच होते.

हिशोब उलटला

आम्ही त्या घरी पुन्हा गेलो ते २०२४ च्या जूनमध्ये. आजोबा आता नाहीत. कारभार नातीकडे, म्हणजे आता चाळिशीकडे झुकलेल्या एका कर्त्या बाईंकडे आला आहे. त्यांनी आजोबांची तोडणीची वही दाखवली. जुन्या पानांवर ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर, अलीकडच्या पानांवर सप्टेंबर. हे एका घरापुरते नाही. फ्रान्समधल्या बोन शहराच्या द्राक्षतोडणीच्या १३५४ ते २०१८ पर्यंतच्या तारखा संशोधकांनी जुन्या दप्तरांतून गोळा केल्या; १९८८ नंतरची तोडणी त्याआधीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा १३ दिवस लवकर होते असे त्यातून दिसले. जर्मनीचे सरासरी तापमान १८८१ पासून दीड अंशाहून जास्त वाढले आहे.

दीड अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण ज्या मळ्याची सारी रचनाच एक-दोन अंश मिळवण्यासाठी आहे तिथे तो मोठा आकडा आहे. ज्या उताराने आजोबांना ऑक्टोबरचे ऊन मिळवून दिले तोच उतार आता ऑगस्टचे ऊनही गोळा करतो. जुलै २०१९ च्या अखेरीस जर्मनीत पारा ४० अंशांच्या पुढे गेला तेव्हा मोझेलवर घडांचे उन्हाकडचे मणी भाजून तपकिरी पडले. रिस्लिंगला जास्त ऊन आणि उष्णता मिळाली की तिच्या वाइनला रॉकेलसारखा वास येण्याची शक्यता वाढते, कारण त्या वासाचा रेणू ज्या कॅरोटिनॉइडांपासून होतो त्यांच्यावर उन्हाचा परिणाम होतो. आठ-नऊ टक्के मद्यार्काची, हलकी, आंबट-गोड वाइन ही मोझेलची ओळख. ती करायला आता साखर वाढण्याआधी तोडणीची घाई करावी लागते. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. वेलीवरच गोठलेली द्राक्षे पिळून जर्मनीत एक खास गोड वाइन करतात. पाणी बर्फ होऊन चरकात राहते आणि साखरेचा दाट रस तेवढा बाहेर येतो. त्यासाठी निदान उणे ७ अंशांची थंडी लागते. २०१९ च्या पिकासाठी जर्मनीतल्या एकाही द्राक्षप्रदेशात अशी पुरेशी रात्र आली नाही. २०२१ च्या नव्या वाइन कायद्याने साखरेपेक्षा जागेवर भर दिला आहे, त्यामागे ही पार्श्वभूमीही आहे.

मग थंड जागा शोधाव्यात, हा सरळ उपाय. रुव्हर आणि सार या मोझेलच्या उपनद्या. त्यांच्या दऱ्या अरुंद आणि जास्त थंड. पूर्वी तिथे चार वर्षांतून एखादेच पीक धड यायचे अशी आजोबांची तक्रार असे. आता तिथल्या मळ्यांना भाव आला आहे. बाईंनीही कर्ज काढून रुव्हरकाठी अर्धा हेक्टर घेतला होता. आम्ही तो पाहायला गेलो. जून असूनही अर्ध्याअधिक वेली उघड्याच होत्या, नुकत्या कुठे दुसऱ्यांदा फुटत होत्या.

झाले होते असे. वसंत लवकर उबदार झाल्यामुळे डोळे लवकर फुटले. पण ढग नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात फेकते आणि तिच्या लगतची हवा गोठणबिंदूखाली जाते, हा नियम काही बदललेला नाही. वेलीचा मिटलेला डोळा कडक थंडी सोसतो. कोवळा फुटवा उणे दोन-तीन अंशांनाच काळा पडतो. एप्रिल २०२४ च्या उत्तरार्धात अशा रात्री आल्या. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून घरंगळत दरीत साचली. मोझेलसारखी रुंद नदी तिथे नाही, त्यामुळे पाण्याची ऊबही नाही. थंडावा शोधत गेले आणि दंव-हिमाच्या वाटेवर उतरले, असे झाले.

“दक्षिणेकडे ऊन भाजते, दरीत हिम जाळते. तुमच्या त्या हिशोबात उत्तरेकडचा उतार घेतला तर?” बाईंनी विचारले. स्वयंपाकघरातला तो कागद त्यांनी सोळा वर्षे जपून ठेवला होता. आम्ही म्हटले, उत्तरेकडे १५ अंश कललेली जमीन म्हणजे ५० अधिक १५, अक्षांश ६५. म्हणजे आइसलंड.

त्या हसल्या. “इतके लांब नको.” मग त्यांनी गावाचा नकाशा पसरला आणि आजोबांनी झुडपांवर सोडून दिलेला एक तुकडा दाखवला. दरीच्या तळापासून बराच वर, पूर्वेकडे तोंड असलेला. तिथे ऊन मिळेल ते हवा अजून गार असताना, सकाळचे. भर दुपारनंतर सावली. रोपे २०२५ च्या वसंतात लावायचे ठरत होते. वेलीला वाइनजोगे घड धरायला तीन वर्षे लागतात, आणि चांगली वेल पन्नास वर्षे उभी राहते. त्या पन्नास वर्षांचे तापमान किती धरायचे, असे त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही कोनमापक मागितला आणि आधी उतार मोजला.